लाल माती, पाऊस आणि ६०८ नंबरचं बेअरिंग

शाळा सुटल्यावर बेळगावात कॅम्पातल्या रस्त्यांवर किंवा टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोकडे स्केटबोर्ड घेऊन जाणाऱ्या पोरांची तक्रार ठरलेली: नवा होता तेव्हा सुसाट पळायचा, आता दोन ढकल्यांत थांबतोय. मग घरात नव्या बोर्डाचा हट्ट सुरू होतो. नवा बोर्ड लागत नाही. बहुतेक वेळा बेअरिंगात लाल माती बसलेली असते आणि त्यावर पावसाचं पाणी गेलेलं असतं.

एका चाकात दोन, म्हणजे बोर्डाला आठ बेअरिंगं. नंबर ६०८. आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. बेळगावात रोलर स्केटिंगचं वेड जुनं, त्यामुळे माळ्यावर कुणाचे तरी लहानपणीचे स्केट्स पडलेले असतातच. त्यांतही बहुधा हेच बेअरिंग निघतं. फिजेट स्पिनरच्या मधलंसुद्धा हेच. तेव्हा 'स्केटबोर्डचं' म्हणून महाग पाकीट मागवण्याआधी बेअरिंगच्या दुकानात ६०८ टू-आरएस मागा. टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी झाकण. झेडझेड लिहिलेलं असेल तर झाकण पत्र्याचं. आपल्या धुळीला रबरीच बरं, आणि ते टाचणीने उघडतंही. दुकानातल्या नव्या बेअरिंगात ग्रीस ठासलेलं असतं, म्हणून सुरुवातीला ते जड फिरतं. चालवलं की सुटतं. पाकिटावरच्या एबीईसी ७, ९ अशा आकड्यांवर भाळू नका. तो मापाच्या अचूकतेचा आकडा आहे, धूळ अडवण्याशी त्याचा संबंध नाही.

बिघाड कानाने कळतो. बोर्ड उलटा करून एकेक चाक बोटाने फिरवा. बारीक खर्रखर्र आली तर माती आहे, धुतल्यावर जाईल. कटकट करत अडकत फिरलं तर गोळ्यांवर गंज धरलाय. तेवढं बेअरिंग बदला, धुण्यात वेळ घालवू नका. आवाजच नाही पण चाक लगेच थांबतं, तर आधी नट पाहा, जास्त आवळलेला असतो.

धुण्यासाठी १३ चा बॉक्स पाना लागतो. नट काढा, चाकाच्या दोन्ही बाजूंचे बारीक वायसर वाटीत ठेवा (हेच पहिले हरवतात). मग चाक अ‍ॅक्सलच्या टोकावर एवढंच चढवा की टोक एकाच बेअरिंगात राहील, आणि चाक तिरकं करून ओढा. बेअरिंग बाहेर येतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर झाकण वाकतं. टाचणी रबराच्या बाहेरच्या कडेला घालून झाकण काढा. झाकणं साबणाच्या पाण्याने पुसा, बेअरिंग काचेच्या बरणीत आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालून हलवा. हे खिडक्या उघड्या ठेवून, गॅसपासून लांब. अल्कोहोल काळं झालं की बदला. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. रॉकेलने मळ निघतो, पण मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर पुन्हा धूळ चिकटते.

पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. मग शिलाई मशीनचं तेल, एका बेअरिंगला दोन थेंब. बस्स. जास्त तेल म्हणजे मातीला आमंत्रण. खोबरेल तेल तर नकोच: डिसेंबरात आपल्याकडे बाटलीत थिजतं, तसंच बेअरिंगातही थिजतं. पावसाळ्यात चालवायचंच असेल तर तेलाऐवजी थोडं ग्रीस. वेग कमी होईल, गंज लांबेल.

नट परत लावताना घट्ट होईपर्यंत आवळा आणि मग किंचित मागे घ्या. चाक हाताने आडवं हलवल्यावर अगदी जरासं हलायला हवं.

नट हरवला तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधला ८ एमएमचा नट बसवू नका. चांगल्या ट्रकच्या (ट्रक म्हणजे बोर्डाखालचा, चाकं धरणारा धातूचा भाग) अ‍ॅक्सलचे आटे इंची असतात, ५/१६ यूएनएफ (बारीक आट्यांचा इंची प्रकार), इंचाला २४. ८ एमएमचा नट दोन आटे जातो, मग अडतो, आणि पान्याने जोर केला की अ‍ॅक्सलचे आटे जातात. मग नट नाही, ट्रक बदलावा लागतो. उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत असलेल्या गावात यूएनएफ नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) मिळणं अवघड नाही, फक्त जुना नट नमुन्याला न्या. स्वस्त बोर्डांना मेट्रिक आटेही असतात, म्हणून नियम एकच: नायलॉनपर्यंत नट बोटांनी फिरला पाहिजे.

चाकांबद्दल थोडक्यात. बोर्डाबरोबर येणारी ५२ मिमी, ९९ए (हा कडकपणाचा आकडा) कडक चाकं गुळगुळीत काँक्रीटसाठी. खडी निघालेल्या डांबरावर ती एका खड्यापाशी अडतात आणि पोरगं पुढे तोंडावर जातं. नुसतं फिरायचं असेल तर ७८ए ची मऊ, ५६ ते ६० मिमीची चाकं घ्या. मात्र ट्रकखाली ३ मिमीचा रायझर (उंची वाढवणारी चकती) आणि तेवढेच लांब स्क्रू लागतील, नाहीतर वळताना चाक डेकला (उभं राहायच्या फळीला) घासून जागीच थांबतं. पेव्हर ब्लॉकवर कुठलंच चाक धड चालत नाही. हेल्मेट तिथेही घालायचं, इथेही.

डेक मेपलच्या सात थरांचा, डिंकाने चिकटवलेला. जून ते सप्टेंबर त्याचा घात होतो; खानापूरकडे तर विचारूच नका. टेल (डेकचं मागचं टोक) घासून कडेचे थर उघडे पडले असतील तर पाणी तिथूनच शिरतं, थर सुटतात आणि ऑलीसाठी (बोर्डासकट उडी मारायला) टेल आपटल्यावर टक्क आवाजाऐवजी थप्प येतो. भिजलेला बोर्ड उन्हात ठेवू नका, वाकतो. पुसून घरात भिंतीला उभा करा, चाकं काढून. उघडी कड बारीक पॉलिश पेपरने घासा, पातळ फेविक्विक मुरवा आणि रात्रभर वाळू द्या. थप्प आवाज येऊ लागलेल्या डेकला मात्र हा इलाज चालत नाही, तो बदलायचाच. ट्रक, चाकं, बेअरिंगं तीच नव्या डेकवर चढतात.