टोकन काढायचंय, त्यात कायकाय घालू?

सांगलीत राहून ब्लॉकचेनवरचे (म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक वहीवरचे) कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, लिहितो, एवढं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "टोकन काढायचंय, त्यात कायकाय फीचर घालू?" कॉलेजची पोरं विचारतात, बेदाण्याचे व्यापारी विचारतात. आता तुम्ही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

टोकन म्हणजे त्या वहीत नावावर मांडलेलं डिजिटल नाणं. ते काढायचं काम सोपं झालंय, हीच खरी अडचण आहे. इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या टोकनांसाठी ईआरसी-२० हा नमुना २०१५ साली मांडला गेला. शिल्लक सांगणं, टोकन पाठवणं, आपल्या खात्यातून दुसऱ्याला टोकन उचलायची परवानगी देणं अशी मोजून सहा कामं त्यात सक्तीची. बाकी सगळं ऐच्छिक. ओपनझेपेलिन या तयार कोड पुरवणाऱ्यांनी हे ऐच्छिक भाग करून ठेवलेत आणि त्यांच्या विझार्ड नावाच्या वेबपानावर नुसतं टिक करायचं असतं. मिंटेबल (छापणं), बर्नेबल (रद्द करणं), पॉजेबल (थांबवणं), परमिट (नुसत्या सहीने परवानगी देणं), व्होट्स (मतदान). डावीकडे टिक केली की उजवीकडे कोडच्या ओळी आपोआप वाढतात.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यांना हे दाखवलं, तर ते म्हणाले, "फुकट हाय न्हवं? मग सगळंच घे की."

मी त्यांना पॉजेबलवर टिक करून उजवीकडे बघायला लावलं. 'पॉज' नावाचं फंक्शन आलं आणि त्याच्या शेजारी 'ओन्लीओनर'. म्हणजे मालकाने एक बटण दाबलं की सगळ्यांचे व्यवहार ठप्प. "मालक कोण?" मी विचारलं. "मीच की." "आणि तुमचा फोन चोरीला गेला तर?" मग जरा शांतता पसरली.

मी फीचरची यादी अशीच वाचतो: प्रत्येक टिक म्हणजे कुणाच्या तरी हातात दिलेला अधिकार. मिंटेबल म्हणजे हवी तेवढी नवी टोकनं छापायचा अधिकार; एका माणसाकडे तो देणं म्हणजे सही केलेला कोरा चेकच. कॅप घातली तर निदान वरची मर्यादा राहते. विक्री अडवता येईल असं काही घालायला सांगितलंत, तर मी काम घेणार नाही. २०२१ मध्ये स्क्विड नावाच्या टोकनची किंमत आभाळाला भिडली होती, पण घेणाऱ्यांना ते विकताच येईना. प्रत्येक व्यवहारावर कट कापणारं फीचरही नको. पाठवले शंभर आणि पोचले अठ्ठ्याण्णव, असं झालं की दुसऱ्यांच्या कॉन्ट्रॅक्टांचे हिशोब चुकतात.

अडत्यांची कल्पना मात्र वाईट नव्हती. गोदामात हळद ठेवली की तेवढी टोकनं शेतकऱ्याच्या नावावर, माल उचलला की टोकनं रद्द. इथे मिंट आणि बर्न दोन्ही लागतात. कॅप उलट अडचणीची, कारण आवक किती होणार ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. एक टोकन म्हणजे एक किलो धरलं तर तीन दशांश स्थळं पुरेत, ग्रॅमपर्यंत हिशोब लागतो. ओपनझेपेलिनच्या कोडमध्ये काही बदललं नाही तर अठरा येतात, ती हळदीला काय करायचीत? पॉजही इथे ठेवावा. २००५च्या महापुरात सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरलं होतं. तसं काही झालं तर गोदामातला माल मोजून होईपर्यंत टोकनांची खरेदी-विक्री थांबवता आली पाहिजे.

पण खरा पेच पुढे आहे. ईआरसी-२०चं एक टोकन दुसऱ्यासारखंच असतं. राजापुरी, सेलम, कणी, हळकुंड एकाच भावाने कोण घेईल? म्हणून मी त्यांना ईआरसी-११५५ हा दुसरा नमुना सुचवला. त्यात एकाच कॉन्ट्रॅक्टमध्ये प्रत्येक जातीचा, प्रतीचा वेगळा आकडा ठेवता येतो. (शिवाय सरकारमान्य गोदामांच्या इलेक्ट्रॉनिक पावत्या आधीच आहेत, त्यावर कर्जही मिळतं. आधी तिकडे चौकशी करा, हेही त्यांना सांगितलं. माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.)

व्होट्स, फ्लॅश मिंट (एकाच व्यवहारापुरती टोकनं छापणं) वगैरे सोडून द्या. परमिटने फारसं बिघडत नाही, पण खोट्या साइटवर सही करून फसणारी माणसं मी बघितली आहेत.

अपग्रेडेबल, म्हणजे नंतर बदलता येणाऱ्या कोडबद्दल सगळेच विचारतात. एकदा चढवलेला कोड बदलता येत नाही, म्हणून तो प्रॉक्सीमागे, म्हणजे काम पुढे पाठवणाऱ्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टमागे, ठेवून नंतर बदलायची सोय करतात. तेव्हा नियम बदलायची चावीही कुणाकडे तरी जाते, आणि सुटे भाग जोडताना सांधाही तपासावा लागतो. २०१७च्या नोव्हेंबरात पॅरिटी या कंपनीच्या अनेक डिजिटल पाकिटांचा कोड एकाच सामायिक लायब्ररीवर उभा होता. कुणीतरी तिची मालकी घेतली आणि ती नष्ट केली. पाच लाखांहून जास्त इथर (इथेरियमचं स्वतःचं चलन) तिथंच अडकले. लहान टोकनाला अपग्रेड नकोच. चूक निघाली तर नवं काढून जुनं बदलून द्यावं.

"मग मालकीच सोडून देतो," असंही काही जण म्हणतात. तसं फंक्शन आहे. पण पॉज दाबलेला असताना मालकी सोडलीत तर तो परत उठवायला कुणीच उरत नाही.

अडत्यांसाठी शेवटी तीनपैकी दोन सह्यांचं पाकीट ठरलं: एक ते, एक गोदामवाले. तिसरी सही शेतकऱ्यांच्या बाजूच्या कुणाची तरी असावी, असं मी म्हटलं. त्यावर ते आठवडाभराने सांगतो म्हणाले, आणि त्यांचा फोन अजून आलेला नाही. आला तर आधी सेपोलिया या चाचणीच्या नेटवर्कवर चढवून, तीनपैकी एक फोन मुद्दाम बंद ठेवून बघायचं आहे.