पहिलं इंजिन कोणतं करावं : माझा अनुभव

मला करायचं होतं माथेरानच्या गाडीचं इंजिन. नऊ वर्षांची असताना वडिलांनी नेरळला नेलं होतं, तेव्हा ते फलाटाला टेकून उभं होतं आणि त्याच्या खालून येणाऱ्या वाफेने माझे पाय ओले झाले होते. १९०७ सालची ती दोन फुटी रुळांची लाइन, ऑरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीची ती ठेंगणी इंजिनं. चौतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि ठरवलं की आता वाफेवर खरोखर चालणारं छोटं इंजिन स्वतःच्या हाताने करायचं.

रेल्वे इंजिनाचाच हट्ट असल्याने आधी ‘टिच’चे नकाशे अभ्यासले. साडेतीन इंच गेजचं, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर लागणारं हे छोटं इंजिन, एल.बी.एस.सी. या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज कारागिराने नवशिक्यांसाठीच आखलेलं. दोन आठवडे मी वहीत फक्त कामं मोजत होते. दोन सिलिंडर, व्हॉल्व्ह गिअर (वाफेची झडप वेळेवर हलवणारी यंत्रणा), चाकं, आस, पंप, आणि वर तांब्याचा बॉयलर. त्यातलं एकही काम मी पूर्वी केलेलं नव्हतं. बॉयलरला डाख देताना, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधे जोडताना, एक सांधा कच्चा राहिला तर तो कळायला वर्ष लागेल, आणि कळेल तो अशा वेळी की मी शेजारी उभी असेन. वही मिटली. हट्ट सोडला नाही, पुढे ढकलला.

मग नजर गेली स्टुअर्ट कंपनीच्या ‘१० व्ही’वर. इंग्लंडमधलं हे उभं इंजिन जगभर अनेकांचं पहिलं इंजिन असतं. सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, पाऊण इंच; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, तीही पाऊण इंच. ओतीव भागांचा संच मिळतो, आपण ते लेथवर, म्हणजे कातणयंत्रावर, घडवायचे. दिसायला इतकं देखणं की मी पैसे भरायच्या बेतात होते. त्याआधी नकाशा घेऊन कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गेले. त्यांच्या मुलीला मी दहावीला शिकवलेलं, म्हणून रविवारी त्यांचा लेथ वापरायची मुभा मला होती.

मिस्त्रींनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. “सहा सूत, म्हंजी पाऊण इंच बोअर. काम चांगलंय बाई. पण बिडाचा ओतीव हाय. वरची कातडी कडक असती. पहिला घाव तिच्या खाली गेला पायजे, न्हाईतर टूलचं टोक जातंय. आन् एखादा भाग नासला तर दुसरा कुठनं आणणार?”

या शेवटच्या प्रश्नाने माझा निर्णय फिरला. पितळेची सळई चुकली तर कोल्हापुरातच दुसरी मिळते. परदेशातून आलेला ओतीव सिलिंडर चुकला तर तीन महिने थांबा. पहिल्या इंजिनात चुका होणारच, तेव्हा ज्याच्यात चूक स्वस्त पडते ते इंजिन निवडायचं, हे मला पटलं.

असं इंजिन म्हणजे डोलणाऱ्या सिलिंडरचं. यात वेगळा व्हॉल्व्ह नाही, तो हलवणारी एक्सेंट्रिक चकती नाही. सिलिंडर एका खुंटीवर झुलतो. त्याच्या सपाट अंगाला एक भोक असतं, समोरच्या उभ्या पट्टीत दोन : एक वाफ येण्याचं, एक जाण्याचं. क्रँक (पिस्टनच्या सरळ धावेने आस फिरवणारा दांडा) फिरला की सिलिंडर एकदा इकडे कलतो, एकदा तिकडे, आणि त्याचं भोक आळीपाळीने या दोन भोकांसमोर येतं. खुंटीमागची स्प्रिंग दोन्ही सपाट अंगं एकमेकांवर दाबून धरते. दाब फार वाढला तर सिलिंडर पट्टीपासून किंचित उचलला जातो आणि वाफ निसटते. माझ्यासारखीला हा मोठाच दिलासा.

मापं मी स्वतः ठरवली. बोअर १२ मिलिमीटर, आधी ११.८ चं ड्रिल, मग भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर. स्ट्रोक १६, म्हणजे क्रँकची लांबी ८. खुंटीपासून क्रँकच्या आसापर्यंत ४८. सिलिंडर पितळेचा, पिस्टन स्टीलचा, कारण तापल्यावर पितळ स्टीलपेक्षा जास्त फुगतं आणि पिस्टन आवळला जात नाही. फ्लायव्हील, म्हणजे आसावरचं जड चाक, बिडाचं, ७० मिलिमीटर व्यासाचं, वजन साधारण चारशे ग्रॅम. एकाच बाजूने ढकलणाऱ्या इंजिनाला रिकामा अर्धा फेरा पार करायला हे वजन लागतंच.

सिलिंडर चार रविवारांत झाला. सपाट अंग काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवत, मार्करच्या रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या जाईपर्यंत.

जोडलं, आणि चाललं नाही. तपासायला वाफेऐवजी हवा आत सोडली की नुसता फुस्स आवाज. स्प्रिंग घट्ट केली, पुन्हा घासलं, तेल घातलं. तीन संध्याकाळी याच्यात गेल्या. चौथ्या दिवशी फळ्यावर मुलांना शिकवायचे तशी आकृती काढली. माझं भोक खुंटीपासून १२ मिलिमीटरवर. सिलिंडर पूर्ण कलतो तेव्हा ते बाजूला सरकणार १२ गुणिले ८ भागिले ४८, म्हणजे २ मिलिमीटर. पट्टीतली भोकं मी मधल्या रेषेपासून दोन्हीकडे २ मिलिमीटरवरच पाडली होती, तिथे चूक नव्हती. चूक भोकांच्या व्यासात होती. हाताशी होतं म्हणून अडीचचं ड्रिल वापरलं होतं. सिलिंडर सरळ उभा असताना त्याचं भोक दोन्ही भोकांवर अर्धा-अर्धा मिलिमीटर चढत होतं आणि येणारी हवा सरळ बाहेरच्या वाटेला लागत होती. व्यास २ किंवा त्याहून कमीच हवा.

नवी पट्टी कापली. सिलिंडरच्या भोकात पितळेची मेख डाखून बुजवली, अंग पुन्हा घासलं, आणि तिन्ही ठिकाणी १.८ चं ड्रिल मारलं. त्या रविवारी मिस्त्रींच्या कॉम्प्रेसरवर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्याही आतल्या दाबाला फ्लायव्हील बोटाने ढकललं, आणि ते थांबलंच नाही. मिस्त्रींनी लेथ बंद केला आणि स्टूल ओढून बसले. दहा मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही.

वाफेवर अजून चालवलेलं नाही. ‘कुकरच्या शिट्टीच्या नळीला जोडा’ असा सल्ला मला चार जणांनी दिला. तो कोणी ऐकू नये. ती नळी म्हणजे कुकरमधली जादा वाफ बाहेर पडायची ठरलेली वाट आहे, तिच्यावर दुसरं काही बसवायचं नसतं. साध्या शिशाच्या डाखाचा डबाही नको. तो डाख १८३ अंशांना वितळतो, आणि आतलं पाणी संपलं की पत्रा तिथवर तापायला वेळ लागत नाही. माझा बॉयलर तांब्याचा असेल, चांदीच्या डाखाचा, सेफ्टी व्हॉल्व्ह लावलेला. आग लावण्याआधी तो काठोकाठ पाण्याने भरून, चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबाला तपासायचा. त्याच्यासाठी तांब्याची नळी आणून ठेवली आहे.

‘१० व्ही’च्या संचाचे पैसेही गेल्या महिन्यात भरले. तो ओतीव सिलिंडर लेथच्या फोर-जॉ चकात (चार जबड्यांच्या पकडीत) कसा धरायचा, यावर मिस्त्री आतापासूनच विचार करताहेत.