सुट्ट्यांची उधारी

भाद्रपद जवळ आला की आमच्या ऑफिसात सुट्ट्यांचा बाजार भरतो. ऑफिस इंदूरचं, त्यामुळे गिऱ्हाइकं सगळ्या प्रकारची. आम्हा मराठी बायकांना महालक्ष्म्यांचे तीन दिवस हवेत. आवाहन, पूजन, विसर्जन, त्यात तडजोड नाही. समोरच्या टेबलावरच्या भाभींना करवा चौथ हवी, बिहारकडच्या अकाउंटंटना छठ, डिस्पॅचच्या भाईजानना ईदच्या पुढचा एक दिवस. रंगपंचमीवरून तेवढं भांडण नाही, गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी अख्खं शहरच कामावर नसतं. बाकी सगळी घासाघीस. ‘तुम्ही माझ्या महालक्ष्म्या सांभाळा, मी तुमची छठ सांभाळते.’

याला कोणी चांगुलपणा म्हणणार नाही. हा रोकडा व्यवहार. पण ऑफिसातला चांगुलपणा इथूनच उगवतो असं माझं मत होत चाललंय. सुरुवातीला हिशेब अगदी चोख असतो. मग दोन-तीन वर्षांत कोणाचे किती दिवस कोणाकडे निघतात, हे कोणालाच धड सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही याचं वाईटही वाटत नाही.

मध्यंतरी वरून हुकूम आला आणि आम्हा सगळ्यांना पाताळपाणीच्या धबधब्यावर नेलं, आपसांत जिव्हाळा वाढावा म्हणून. डोळ्यांना पट्ट्या बांधून एकमेकांचे हात धरून चालवलं. भजी उत्तम होती. जिव्हाळ्याचं काही सांगता येत नाही.

आमच्याकडे दोन बाबू होते, समोरासमोर बसणारे. प्रमोशनवरून बिनसलेलं, बोलणं बंद. फाइल द्यायची तरी शिपायाच्या हातून, टेबल चार फुटांवर असताना. त्यांतल्या एकाचे वडील एमवाय हॉस्पिटलमध्ये भरती झाले आणि तो आठवडाभर आला नाही. दुसऱ्याने ना फोन केला, ना भेटायला गेला. पण रोज संध्याकाळी सगळे निघाले की तो समोरच्या टेबलावरचा गठ्ठा आपल्याकडे ओढायचा, नोटिंग करायचा, टॅग बांधून होता तिथे ठेवून द्यायचा. सही मात्र करायचा नाही, जागा सोडायचा. पहिला परत आला तेव्हा टेबलावर फक्त सह्या बाकी होत्या. त्याने अक्षर ओळखलं असणारच. इतकी वर्षं त्याच अक्षरातल्या शेऱ्यांवर तो कुरकुरत आला होता. बोलणं पुढेही बंदच राहिलं. मैत्री वेगळी आणि हे वेगळं, हे मला तिथे पहिल्यांदा नीट दिसलं. आवडत नसलेल्या माणसाशीही असं वागता येतं, बहुधा ऑफिसातच येतं, कारण त्याचं काम अडलं की नेमकं काय अडतं हे शेजारच्या टेबलाइतकं कोणालाच कळत नाही.

अर्थात याचा गैरफायदाही घेतला जातो. प्रत्येक ऑफिसात एक बाई अशी असते की जिला नाही म्हणता येत नाही, आणि मग सगळ्यांची उधारी तिच्याच खात्यावर चढते. तिला भली म्हणत राहणं हा बाकीच्यांचा आळस आहे.

कामाची जागा गेल्यावर या उधारीचं काय होतं, हेही इंदूरने पाहिलंय. हुकुमचंद ही कापडाची मिल १९९१ मध्ये बंद पडली. हजारो कामगारांचे हक्काचे पैसे अडकले. सुमारे २२४ कोटींची ती रक्कम सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. एवढ्या काळात पगार नाही, भोंगा नाही, पाळी नाही. तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री बंद मिलच्या नावाची झांकी, म्हणजे देखाव्याचा रथ, निघत राहिली, वर्गणी गोळा करून. एकेकाळी एकमेकांच्या पाळ्या सांभाळणारी माणसं पांढऱ्या केसांनी देखाव्याच्या तारा जोडत होती. त्यांना हे करायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि अडवलं असतं तर ऐकलंही नसतं.

आमच्याकडे आता अंगठ्याचं मशीन आलंय. पूर्वी हजेरीचं रजिस्टर बडेबाबू पावणेअकरापर्यंत टेबलावर ‘विसरायचे’. बस चुकलेल्यांची, पोराला ताप असलेल्यांची त्यात सोय व्हायची. मशीनला विसरता येत नाही. मागच्या पावसाळ्यात एकदा ए. बी. रोडवर गाड्या तुंबल्या, निम्मं ऑफिस अडकलं. पोचलेल्यांनी न विचारता दोन-दोन काउंटर उघडले, एकीने तर तिसऱ्याचाही कॉम्प्युटर लावून ठेवला. साडेअकराला साहेब स्वतः आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांच्या नावापुढे मशीनने काय लिहिलं ते बघायला कोणी गेलं नाही.