आमची वाटचाल: फ्रेमच्या दुकानातून रील्सकडे

आमचं मूळ दुकान फ्रेमचं, बडोद्यात रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, बाबांनी सुरू केलेलं. पट्टी कापायची, काच बसवायची, मागे प्लाय मारून हूक लावून द्यायचा. गिऱ्हाइकं बरीचशी आपली मराठी मंडळी, गायकवाडांच्या काळापासून इथे असलेली घरं, आणि त्यांच्याकडून यायचं काय तर देवघरातली जुनी लक्ष्मी नाहीतर सरस्वती, काच फुटलीये बदलून द्या. सगळी रविवर्मा प्रेसची किंवा त्यावरून कोणीतरी छापलेली. काहींवर साडीच्या जागी खरं कापड चिकटवलेलं असायचं, वर जर, टिकल्या, बारीक मोती. म्हणजे कोणाच्या तरी पणजीने छापील सरस्वती आणून तिला आपल्या आवडीची साडी नेसवली होती. आम्ही आज जुन्या प्रसिद्ध चित्रांत थोडासा बदल करून फोनसाठी पोस्ट आणि रील्स करतो ते याहून फार वेगळं नाहीये, फक्त तेव्हा त्याला कंटेंट म्हणत नव्हते.

डिजिटलकडे वळलो 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. दुकान बंद, लग्न नाही वास्तू नाही, फ्रेम कोण करून घेणार. त्याच मार्चमध्ये अमेरिकेतल्या गेटी म्युझियमने एक चॅलेंज काढलं, घरातल्या वस्तू घ्या आणि एखादं प्रसिद्ध चित्र स्वतः उभं राहून दाखवा, कल्पना मुळात एका डच इन्स्टाग्राम अकाउंटची, आणि जगभर लोक डोक्याला टॉवेल गुंडाळून फोटो टाकायला लागले. त्याच्या थोडं आधी फोटोग्राफर जी. वेंकट राम यांनी दक्षिणेतल्या नट्यांना घेऊन रविवर्म्याची चित्रं कॅलेंडरसाठी फोटोत उभी केली होती, ती सगळ्यांच्या ग्रुपवर फिरलेली. भाऊ म्हणाला ताई, अगं हे तर आपल्या गावचं काम. खरंच होतं त्याचं. रविवर्मा 1881 मध्ये इथे आला, सयाजीरावांनी त्याच्याकडून पुराणातली 14 चित्रं करून घेतली, राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये आजही जाऊन बघता येतात.

पहिली पोस्ट हंस-दमयंतीची. (ते चित्र 1899 चं, बडोद्याचं नाही, पण ओळखीचं सगळ्यांना.) दमयंतीला हात लावला नाही, हंसाला लावला नाही, कठडा खांब सगळं तसंच, फक्त हंसाच्या चोचीजवळ व्हॉट्सॲपच्या दोन निळ्या टिका. एवढंच. ती इतकी फिरली की आम्हाला आमचीच पोस्ट मावशीकडून फॉरवर्ड होऊन आली.

तेव्हापासूनचा आमचा नियम म्हणजे चित्रात बदलायची ती एकच गोष्ट. सगळं बदललं की जोक राहत नाही, मूळ चित्र आठवतच नाही मग हसणार कशाला. आणि कोणती एक गोष्ट बदलायची हे कळायला चित्राकडे खूप वेळ बघत बसावं लागतं, तिथे आम्हाला फ्रेमच्या धंद्याचा फायदा झाला, काच पुसता पुसता चित्र बघायची सवय होतीच.

पहिलं पैशाचं काम एका चहावाल्याचं. त्याला डच चित्रकार व्हर्मीरची दूध ओतणारी बाई पाहिजे होती, 1660 च्या आसपासचं चित्र, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि ते लोक मोठ्या साइजची फाइल फुकट डाउनलोड करू देतात. दुधाच्या जागी चहा आणि हलणार फक्त ती धार, बाकी बाई, खिडकी, पाव काहीच हलणार नाही. ऐकायला सोपं. पण धार कापून काढली की मागे भोक पडतं, तिथला भांड्याचा काळोख पुन्हा रंगवून घ्यावा लागतो, त्याला जुन्या रंगाचे बारीक तडे आणि ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदारपणा, मॅच करावी लागते नाहीतर तेवढाच तुकडा गुळगुळीत प्लास्टिकसारखा चमकतो. उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो, मग चहाची चमकही डावीकडूनच. वेग जरा वाढला की नळ उघडल्यासारखं दिसतं, भावाने ते कितीदा केलं विचारू नका.

आणि हे झाल्यावर क्लायंट म्हणतो, बेन, आटली मोटी भींत खाली केम, आपणो लोगो मूको ने! आता गंमत अशी की व्हर्मीरने स्वतःच त्या भिंतीवर आधी भांडी अडकवायची फळी काढायला घेतली होती आणि मग वरून रंग देऊन झाकून टाकली, 2022 मध्ये म्युझियमच्या तपासणीत ते सापडलं. त्याने विचार करून रिकामी ठेवलेली भिंत मी लोगोने भरू? बरीच वादावादी झाली. शेवटी भिंतीत वरती एक खिळा आहे, खराच, चित्रातलाच, त्याला दुकानाच्या नावाची छोटी पाटी लटकवली. नियम जरा वाकला पण पैसे वेळेवर आले, आणि ते चहावाले अजूनही आमच्याकडेच येतात.

देवांचं काम घेत नाही. दिवाळीला हमखास कोणीतरी येतं, लक्ष्मीच्या हातात आमचा मिठाईचा बॉक्स द्या. तसं बघायला गेलं तर हीच लक्ष्मी शंभर वर्षांपूर्वी जाहिरातीच्या कॅलेंडरवर झळकत होती, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही, त्यामुळे मी काही शुद्धतेचा आव आणत नाही. पण ज्या घरांच्या देवघरातली तसबीर आम्ही दुरुस्त करून देतो त्यांनाच तिची रील पाठवायची हे मला जमत नाही.

आता सगळे विचारतात एआय एका मिनिटात करतं, तुम्ही आठवडा कशाला घेता. वापरतो की आम्हीपण, मागची पानं झाडं भरायला. पण नऊवारी त्याला नेसवता येत नाही, निऱ्या कुठून निघून कुठे खोचल्यात कळतच नाही, कासोटा गायब. 2023 मध्ये हेगच्या म्युझियममधली ती मोत्याच्या डुलवाली मुलगी, व्हर्मीरचंच चित्र, दुसऱ्या प्रदर्शनाला गेली तेव्हा तिच्या जागेवर लोकांनी पाठवलेल्या चित्रांत एक एआयचं लावलं, त्यावर केवढा गदारोळ झाला. आमच्यासारख्यांना एवढाच प्रश्न की क्लायंटला फरक दिसतो का, आणि साडीवाल्या क्लायंटला तो लगेच दिसतो.

कॉपीराइट मात्र आधी बघतो. आपल्याकडे चित्रकार गेल्यानंतर 60 वर्षं, रविवर्मा 1906 ला गेला, अमृता शेरगिल 1941 ला, दोन्ही मोकळे. पण नंदलाल बोस गेले 1966 मध्ये, म्हणजे आपल्या बडोद्याच्या कीर्तिमंदिरातल्या त्यांनी रंगवलेल्या भिंती 2026 संपेपर्यंत थांबायला लागणार, आणि जागा गायकवाडांची, ती परवानगी वेगळीच. भावाला मीरेची भिंत पाहिजे, मला गंगावतरण, त्यात हलवायचं तर फक्त पाणी. तो म्हणतो पाणी आपण चहात केलंय की.