ओरखडा राहू द्या

गेल्या गुरुवारी टोकियोत यामानोते लाईनच्या लोकलच्या गर्दीत दाराजवळच्या दांड्यावर माझं घड्याळ घासलं. ऑफिसात पोहोचून पाहिलं तर कडेवर तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

शनिवारी घराजवळच्या घड्याळजींकडे गेलो. सत्तरी ओलांडलेले आजोबा. डोळ्याला भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आज पॉलिश नको. दर वेळी थोडं पोलाद जातं. आणखी चार ओरखडे पडू देत, मग एकदाच करू." मऊ कापडाने पुसून घड्याळ परत दिलं. पैसे घेतले नाहीत.

त्यांना कशाची काळजी होती, ते घरी येऊन पुन्हा घड्याळ बघताना कळलं. माझं घड्याळ ग्रँड सेइको, म्हणजे जपानच्या सेइको कंपनीच्या उंची घड्याळांपैकी, त्यांच्या 44जीएस या जुन्या मॉडेलच्या घाटाचं आहे. त्याचं सगळं रूप कडांमध्ये आहे, आणि त्या कडा झारात्सु पॉलिशने येतात. फिरत्या कथलाच्या तबकडीच्या सपाट तोंडावर कारागीर घड्याळाचं पोलादी कवच हाताने दाबून धरतो. दाब किंवा कोन जरा चुकला की कड गोल होते. जमलं तर पोलादाचा आरसा होतो आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात कुठेही वाकत नाही. मी रोज सकाळी खिडकीशी उभा राहून ते बघतो.

झारात्सु हा शब्द मला अस्सल जपानी वाटायचा. पण युरोपातून आलेल्या पॉलिश यंत्रावरच्या 'साल्लाझ' या नावाचा तो इथला उच्चार आहे! यंत्र बाहेरचं, हात मात्र जपान्यांचे. पहिलं ग्रँड सेइको जपानमधल्या सुवा गावच्या कारखान्यात 1960 साली बनलं. अचूक होतं, पण टोकियोच्या गिन्झा भागातल्या वाको या दुकानात स्विस घड्याळांशेजारी सेइकोची घड्याळं डिझायनर तारो तानाका यांना फिकी वाटली. त्यांनी सपाट पृष्ठभाग, धारदार कडा, न वाकणारं प्रतिबिंब असे नियमच घालून घेतले. 1967 चं 44जीएस त्यातून आलं.

पुढे 1969 मध्ये सेइकोनेच अ‍ॅस्ट्रॉन हे बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ आणलं. त्या लाटेने स्वित्झर्लंड हादरलंच, पण सत्तरच्या दशकात खुद्द ग्रँड सेइकोही बंद पडलं. बॅटरीऐवजी स्प्रिंगवर चालणाऱ्या नव्या यांत्रिक मशीनचं ग्रँड सेइको यायला 1998 उजाडलं. इतक्या वर्षांनीही ते हात शिल्लक होते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडे हात नव्हते असं मात्र कुणी म्हणू नये. एचएमटीचा बंगळुरूचा घड्याळ कारखाना 1961 मध्ये जपानच्याच सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला. बाबांचं एचएमटी जनता लक्ष्मी रोडच्या घड्याळजींनी तीस वर्षं चालतं ठेवलंय. रोज किल्ली द्यावी लागते, पण ते कधी थांबलं नाही. शिकलो आपणही बाहेरूनच, यांच्यासारखंच. मग आपल्या जनताच्या कडांकडे कुणी तानाकांसारखं बघितलं का नाही, हा प्रश्न मला छळतो. बाकी जपान्यांचं सगळंच मला गोड लागत नाही. साधा पत्ता बदलायला बँकेत मला तीन खेपा पडल्या.

माझ्या ग्रँड सेइकोची किंमत ऐकून भाऊ फोनवर गप्प झाला. "स्विस तरी घ्यायचंस," एवढंच म्हणाला. इथे बारा वर्षं काढली, गाडी घेतली नाही, आणि नीट ठेवलं तर हे उद्या माझ्या मुलीच्या मनगटावर असेल. स्विस घड्याळ पुण्यातही मिळालं असतं. हे जिथे बनतं तिथला मी भाडेकरू आहे, म्हणून हेच घेतलं.

दिवाळीला पुण्याला गेलो की बाबांचं जनता इकडे घेऊन येणार आहे. काच पिवळी पडलीय, ती आजोबांकडून बदलून घेईन. मागच्या झाकणावर बाबांच्या सायकलच्या हँडलने पडलेले ओरखडे आहेत. त्यांना हात लावू देणार नाही.