एककच लिहिलेलं नव्हतं

पौषात रात्री अकराच्या सुमारास आमच्या हर्णैच्या गच्चीवरून दक्षिणेला अगस्ती दिसतो. तो फार वर चढत नाही. त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो, म्हणून नुसता लुकलुकत नाही, तांबड्या-हिरव्या ठिणग्या उडवतो. आजोबा ते बघत बसायचे. मला त्या थरथरीचे आकडे हवे असतात.

हवेने विस्कटलेला प्रकाश आरशाचा आकार सतत बदलून सावरता येईल, हे होरेस बॅबकॉक या खगोलशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये सुचवलं. हेच ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्स. वेव्हफ्रंट सेन्सर प्रकाश किती वाकला ते मोजतो, आरशामागचे ॲक्च्युएटर त्याप्रमाणे आरसा वाकवतात, सेकंदाला शेकडो वेळा. या मोजमापांची आणि हुकमांची नोंद म्हणजे टेलिमेट्री. ताऱ्याचा ठिपका त्या क्षणी नेमका कसा पसरला होता, हे तिच्यातून काढता येतं. तरी ती बरेचदा त्या दुर्बिणीच्या अभियंत्यांपुरतीच राहते, याचं मला फार वाईट वाटतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला एका वेधशाळेची अशी फाइल मिळाली होती. रकाने भरपूर, एकक एकाही रकान्याला नाही. मायक्रॉन की व्होल्ट? पहिला ॲक्च्युएटर वरच्या ओळीतला की खालच्या? ज्यांनी ती बनवली ते केव्हाच दुसरीकडे गेले होते. तीन आठवडे त्यात गेले, आणि शेवटी मी अंदाजाने धरलेला क्रम उलटा निघाला.

आजोबांची भरतीची वही मला आजही वाचता येते. तिथीची पाऊणपट म्हणजे पुऱ्या भरतीची वेळ, हा त्यांचा हिशोब. पण नुसता ‘६’ त्यांनी कधी लिहिला नाही. ‘अष्टमी, ६ वाजता, पुरी भरती’ असं सगळं लिहायचे.

आता अशा टेलिमेट्रीच्या फाइलींसाठी एओटी (ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्स टेलिमेट्री) नावाचा साचा आलाय. खगोलशास्त्रात १९८१ पासून रुळलेल्या फिट्स या फाइलच्या साच्यावरच तो बेतलाय, त्यामुळे नवं काही शिकावं लागत नाही. दुर्बीण, तारा, सेन्सर, आरसा, त्यांना जोडणारा लूप, प्रत्येकाची जागा ठरलेली. सोबत एओटीपाय हे पायथन पॅकेज आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर रोबो-एओ ही आपोआप चालणारी ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्सची यंत्रणा उभारली; आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना अशा फाइली थेट उघडता आल्या पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

माझी जुनी फाइल मी सध्या एओटीत बसवतेय. ॲक्च्युएटरच्या जागा सोडून बाकी सगळं भरून झालंय. तिथे अंदाज लिहायचा नाही. वेधशाळेला काल पुन्हा मेल केलाय.