बेडूक मोजायची परवानगी

सातपुड्यात बेडकांचं सर्वेक्षण करायला काय लागतं? चांगली टॉर्च, गमबूट आणि अफाट सहनशक्ती. ही शेवटची जंगलासाठी नाही, ऑफिससाठी.

अभयारण्यात अभ्यासाला परवानगी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. माझा राग अर्जातल्या एका रकान्यावर आहे: 'पकडावयाच्या प्रजाती व नमुन्यांची संख्या'. मी लिहिलं, शून्य, फक्त फोटो आणि आवाजाचं रेकॉर्डिंग. अर्ज परत. शून्य चालत नाही म्हणे. बरं, मग प्रजातींची यादी जोडा. अहो साहेब, यादी असती तर सर्वेक्षण कशाला केलं असतं? "तुमचं बरोबर आहे हो, पण रकाना मोकळा नको." फाइलवर चहाच्या कपाचे गोल वाढत गेले, आणि सही करणारे कायम मीटिंगला.

आंबोलीच्या सदाहरित जंगलात पावसाळाभर काही ना काही सापडत राहतं. आमच्या खान्देशातल्या सागाच्या कोरड्या रानाचं तसं नाही. इथला गोलमटोल बलून फ्रॉग वर्षातला बराच काळ मातीत गाडून घेतो, पहिल्या दणक्याच्या पावसात वर येतो, डबक्यात ओरडतो, अंडी झाली की पुन्हा गायब. बुलफ्रॉगचा नर त्याच सुमारास पिवळाधमक होतो, गळ्याजवळच्या दोन पिशव्या निळ्याशार. त्या रात्री हुकल्या की वर्ष गेलं. हे मी टेबलापलीकडे समजावत होतो आणि खिडकीबाहेर मृगाचं आभाळ भरत होतं.

शेवटी 'सर्व उभयचर. हाताळून जागीच सोडणार' असं लिहिलं, ते पास झालं! तेव्हा अर्ज हिवाळ्यातच टाका, आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का बसल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

जंगलातलं काम त्यामानाने सुखाचं. अंधार पडल्यावर आधी टॉर्च बंद करून आवाज ऐका. मायक्रोहायला हा नखाएवढा बेडूक केवढ्याने करकरतो! पायाच्या बोटांमधल्या पडद्याचा फोटो हवाच, ओळख तिथे पटते. हो, हाताला डासांचं मलम लावून बेडूक धरू नका, त्यांची कातडी ते शोषून घेते. एका डबक्यातून दुसऱ्याकडे जाताना बूट निर्जंतुक करा, बेडकांच्या जिवावर उठणारी कायट्रिड बुरशी चिखलातून पसरते. वाटेत एका आबांनी विचारलं, "भाऊ, बेडूक मोजीसन काय भेटस?" त्यांना चहा पाजला.

अहवाल दिला, तर त्याच टेबलावरून प्रश्न आला: "नमुने कुठे जमा केले?"